गालातली हवा

चुलीची लोखंडी फुंकणी फुटली त्या दिवशी आईनं भिंतीवरच्या खिळ्यावरून बाबांची सोनारकामाची फुंकणी काढली आणि तीच घेऊन चूल पेटवायला बसली. पितळेची नळी, टोकाशी बाक दिलेला, आणि भोक एवढं बारीक की त्यातून मोहरी गेली नसती. ओल्या लाकडांपुढे तिचा काय उपयोग? सगळा धूर आईच्याच डोळ्यांत जात होता. बाबा दारातून आत आले, त्यांनी ते बघितलं, आणि परत बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मी तेव्हा शाळेत शिकत होतो. त्याआधी मला वाटायचं की आमच्याकडे सध्या जरा तंगी आहे. त्या दिवशी कळलं की आपण गरीब झालो.

झालं असं होतं की चीनची लढाई संपता संपता सोन्याचा कायदा आला. नवा दागिना चौदा कॅरटच्या वर घडवायचा नाही. आता चौदा कॅरटचं मंगळसूत्र कोण करून घेणार? ओमतीच्या बाजारात एका सराफाच्या दुकानाच्या पायरीलगत बाबांची बैठक होती. एक पाट, एक शेगडी, तेलाचा दिवा, चिमटे, हातोड्या, एवढाच पसारा. आजोबा भंडाऱ्याकडून जबलपूरला आले तेव्हापासूनची ती जागा. ती तीन महिन्यांत उठली. बाबांच्या बरोबरीचा एक कारागीर एका सकाळी नर्मदेच्या ग्वारीघाटावर आंघोळीला म्हणून गेला तो परत आलाच नाही. त्यानंतर आई बाबांना नदीवर एकटं जाऊ देत नव्हती. शेवटी बाबा तोफांच्या फॅक्टरीत मजूर म्हणून लागले. ज्या हातांनी नथीतला मोती बसवला ते हात लोखंडाच्या पेट्या उचलायला लागले.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. यंदा सप्टेंबर लागला आणि जबलपुरातल्याच महाराजपूरला आमच्या कॉलनीमागच्या रिकाम्या प्लॉटांवर काशीचं गवत फुललं. हे पांढरे तुरे दिसले की पावसाचा जोर संपला समजायचं. मधेच एखादी सर येते, लगेच ऊन चटका देतं, अंगाला उमस चिकटते. या दिवसांत माझं मन आपोआप पासष्ट सालात जाऊन बसतं. तसा बसलो होतो, तर नात मोबाईल घेऊन आली. तिला मराठी समजते सगळी, बोलते मात्र हिंदीत.

"आजोबा, ये देखो ना! ये आदमी साँस ही नहीं ले रहा!"

एक परदेशी माणूस सॅक्सोफोन वाजवत होता. जॅझ. एक सूर त्यानं धरला होता आणि तो सोडतच नव्हता. सूर वर जाई, खाली येई, थरथरे, पण तुटत नव्हता. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली.

"घेऊन राहिला आहे ना श्वास," मी म्हणालो. "नाकाकडे बघ त्याच्या. अन् गालाकडे."

तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "अरे हाँ! आपको कैसे पता?"

"तुझ्या पणजोबांना येत होतं."

"पणजोबा सॅक्सोफोन बजाते थे?"

"नाही. बांगड्या घडवत होते."

म्हातारा आता सरकला, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणून लिहायला घेतलं.

दोन पातळ तुकडे जोडायचे तर सोनार मधे झाळ, म्हणजे लवकर वितळणाऱ्या धातूचा तुकडा, ठेवतो, टाकणखार लावतो, आणि दिव्याची ज्योत फुंकणीनं त्यावर वळवतो. झाळ वितळायला लागली की ज्योत क्षणभरही हलता कामा नये. फुंकर थांबली की सांधा थंड पडतो, कच्चा राहतो. घाबरून एकदम जोरात फुंकलं तर दागिनाच वितळून मणी होतो. म्हणून सोनार श्वास घ्यायला थांबत नाही. गाल फुगवून हवा तिथे साठवून ठेवतो, आणि नाकानं नवा श्वास आत घेता घेता गालांतली हवा नळीत दाबत राहतो. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं, की एक माणूस गाल फुगवून बसला आहे आणि फुंकतो आहे, फुंकतोच आहे.

मला त्या गालांची लाज वाटायची. शाळा सुटल्यावर पोरं मुद्दाम ओमतीवरून जायची आणि बाबांच्या समोर उभी राहून गाल फुगवायची. "ए, तेरा बाप मेंढक है क्या रे?" मी मान खाली घालून पुढे निघून जायचो. बाबा मला हाक मारू शकत नव्हते, कारण तोंडात फुंकणी असायची.

आणि मग तो रविवार. पासष्टचा श्रावण लागला होता, मी नुकता कॉलेजात गेलो होतो. आमच्या घराण्यातलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मी, हे मी तेव्हाही दहा जणांना ऐकवायचो आणि आजही ऐकवतो. सकाळची वेळ होती. आमच्या गल्लीत सायकलवरून एक पँटवाला साहेब उतरला. हातात काळी, लांबट, कुलपं लावलेली पेटी.

"नरहर का घर यही है?"

आई आतून बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला. "सोन्याचेच साहेब आहेत," ती पुटपुटली. "तपासायला आले. मी म्हणतच होते." आणि ती झटकन आमच्या पत्र्याच्या ट्रंकेवर जाऊन बसली, पदर ओढून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. त्या ट्रंकेत सोन्याचा कणही नव्हता. एक गोधडी होती आणि माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं. पण घाबरलेलं माणूस काय राखायचं ते कुठे ठरवतं?

बाबा मात्र उभे राहिले ते हात जोडूनच. "पीटर साहब! आप?"

पीटर साहेब फॅक्टरीतल्या बाबांच्या शॉपचे, म्हणजे विभागाचे, चार्जमन, मजुरांवर देखरेख करणारे. गोव्याकडचे, दोन पिढ्यांपासून जबलपुरातच. फॅक्टरीत बाबा त्यांच्यासमोर मान वर करत नसत. ते सरळ आत येऊन आमच्या चटईवर बसले, पेटी उघडली, आणि त्यातून सोनेरी रंगाचं, वाकडं, हे एवढं मोठं वाद्य काढलं.

आई ट्रंकेवरूनच म्हणाली, "अगं बाई, एवढी मोठी चिलीम?"

साहेबांना मराठी कळत होती. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, माझ्या आईकडे बघत, जसं काही बाबा तिथे नव्हतेच.

"बहनजी, इस हफ़्ते शॉप में गैस नहीं आई। एक पतली नली जोड़नी थी, काम अटका पड़ा था। ये पेटी उठाकर जा रहा था। रुककर बोलता है, साहब, एक दिया मिलेगा? और एक फुँकनी? मैंने सोचा, मज़ाक कर रहा है। फिर ये बैठा और फूँकता गया, फूँकता गया। मैं इसका मुँह देख रहा हूँ कि अब रुकेगा, अब रुकेगा। मैन, ये रुका ही नहीं! मेरी चाय पर मलाई जम गई!"

बाबा खाली बघत होते. "छोटा काम होता, साहब."

"छोटा काम?" साहेबांचा आवाज एकदम बारीक झाला. "बारह साल से मैं यही ढूँढ रहा हूँ।"

रेल्वेच्या इन्स्टिट्यूटात, म्हणजे त्यांच्या क्लबात, डान्स असला की पीटर साहेब तिथे सॅक्सोफोन वाजवत. जॅझ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यांचा एक भाऊ बोटीवर होता, त्यानं एकदा परदेशातून एक रेकॉर्ड आणली. त्यात एक सूर येतो तो संपतच नाही. साहेबांना वाटलं सुई अडकली. त्यांनी ती उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. वाजवणाऱ्याला फुप्फुसं आहेत की आगगाडीचं इंजिन, त्यांना कळेना. कोणी म्हणालं छाती वाढवा, तर ते पहाटे पळायला लागले आणि सदर बाजारातली कुत्री मागे लागली. कोणी म्हणालं पाण्यात डुबक्या मारा. बारा वर्षं झाली, सूर श्वासापाशी येऊन तुटायचाच.

बाबांनी त्यांना वाजवायला सांगितलं. आमच्या त्या एका खोलीत तो आवाज मावला नाही. भांडी थरथरली, शेजारची माणसं दारात जमली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "साहब, छाती का काम नहीं है ये। गाल का काम है। आप हवा ख़र्च कर देते हो। रखते नहीं।"

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तिथे हातात पुस्तक घेऊन उभा होतो आणि माझा बाप साहेबाला चूक सांगत होता.

पुढचे पाच-सहा रविवार साहेब आमच्याकडे येत राहिले. बाबांनी त्यांना बाजाला हात लावू दिला नाही. परसातल्या पपईचा देठ कापला, पोकळ असतो तो, आणि पाण्यानं भरलेला तांब्या पुढे ठेवला. देठ पाण्यात धरायचा आणि फुंकायचं. बुडबुडे येत राहिले पाहिजेत. श्वास घेताना बुडबुडे थांबले की हरलात. साहेब फुंकायचे, गाल फुगायचे, चेहरा टोमॅटोसारखा व्हायचा, आणि नाकानं श्वास घेतला की बुडबुडे गप्प. कधी पाणी नाकात जायचं आणि साहेब उठून अंगणात शिंकत फिरायचे. आई पडद्याआडून म्हणायची, "या माणसाला फॅक्टरीत दुसरं काम नाही काय हो?"

एकदा बाबांनी हात पुढे केला आणि दोन बोटांनी साहेबाचा गाल दाबला. "इतना ही। इतना ही ज़ोर। बच्चे का गाल समझो।" मी ते बघितलं. फॅक्टरीत एखाद्या मजुरानं असं केलं असतं तर? पण साहेब लहान मुलासारखे मान हलवत होते. बुडबुडे आले. थांबले नाहीत. नाक फुललं, छाती वर गेली, आणि बुडबुडे येतच राहिले. दहा मोजेपर्यंत, वीस मोजेपर्यंत. साहेबांनी देठ फेकला, बाबांना मिठी मारली, आणि बाबा त्या मिठीत लाकडासारखे उभे राहिले. आमच्यात कोणी कोणाला मिठी मारत नाही.

माझे गाल त्या दिवशी गरम झाले होते. ज्या फुगलेल्या गालांसाठी मी रस्ता बदलायचो, ते गाल शिकायला सायकलवरून एक साहेब येतो आणि चटईवर बसतो. मी रोज कॉलेजात जाऊन शिकत होतो, आणि घरात काय आहे ते मला माहीत नव्हतं.

सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई लागली. जबलपूर सीमेपासून लांब, पण आमच्याकडे तोफा बनत होत्या, म्हणून संध्याकाळ झाली की शहर काळं. खिडक्यांना तपकिरी कागद, सायकलच्या दिव्याला अर्धा काळा रंग. फॅक्टरीचा भोंगा दिवसात किती वेळा वाजतो ते मोजणंही आम्ही सोडलं. जवळच्या पनागरहून भाजीच्या गाड्या उशिरा यायच्या, कधी यायच्याच नाहीत. कॉलेजात मुलं नकाशे काढून भांडत होती. आणि त्याच आठवड्यात फॅक्टरीत नोटीस लागली, की झाळकामाला कारागीर कमी पडून राहिले आहेत, जे मजूर हे काम जाणतात त्यांची परीक्षा घेऊन त्यांना कारागीर करणार.

ही नोटीस आमच्या घराला काय होती ते सांगतो. त्या आधीच आई-बाबांनी ठरवून टाकलं होतं. मजुराच्या एका पगारात घर आणि माझं कॉलेज दोन्ही निभत नव्हतं. दसऱ्यानंतर मी कॉलेज सोडायचं आणि फॅक्टरीत मजूर म्हणून लागायचं. बाबांनी हे मला सांगितलं नव्हतं, आईनं सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. बाबा परीक्षेत पास झाले तर माझं कॉलेज राहणार होतं. नाही तर दोघंही पेट्या उचलणार.

बाबांना परीक्षेची भीती नव्हती. पीटर साहेबांनी नाव स्वतः दिलं होतं. पण परीक्षेला बसणाऱ्यांची यादी लागली आणि तीत बाबांचं नाव नव्हतं.

साहेब त्या दिवशी भोंगा झाल्याबरोबर तडक आमच्याकडे आले. हातात एका कागदाची नक्कल होती. ते बसले नाहीत.

"ये फ़ॉर्म किसने भरा था?"

बाबा फॅक्टरीत लागले तेव्हाचा भरतीचा फॉर्म होता तो. इंग्रजीत. अक्षर गोल, वळणदार, एकही खाडाखोड नाही. त्या अक्षराचं शाळेत बक्षीस मिळालं होतं.

"मी," मी म्हणालो.

"इधर पढ़ो। पहले का धंधा। क्या लिखा है?"

मी वाचलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: निल. काही नाही.

मला सगळं आठवलं. त्या दिवसांत गल्लीत बातमी होती की फॉर्मात सोनार लिहिलं की घरी झडती येते. आम्ही सगळे सोनार तेव्हा असेच वागत होतो. कोणी शेतकरी लिहीत होतं, कोणी दुकानात नोकर. मी विचार केला, काहीच नको. बाबांना विचारलंही नाही. इंग्रजी मला येत होतं, त्यांना येत नव्हतं. मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली. तो शब्द लिहिताना मला वाटलं होतं, मी किती हुशार आहे. आणि अडीच वर्षं माझा बाप त्या शब्दाखाली पेट्या उचलत होता. ऑफिसचं म्हणणं सरळ होतं, ज्याला धंदाच येत नाही त्याची परीक्षा कसली?

"निल!" साहेब ओरडले. "बारह साल मैं इस निल के पीछे भागा हूँ! और लड़का कॉलेज में पढ़ता है!"

मी बाबांकडे बघू शकत नव्हतो. एक शिवी, एक थप्पड, काहीही चाललं असतं.

बाबा म्हणाले, "त्याला काहून बोलता, साहब. त्यानं बरोबरच लिहिलं होतं. बैठक गेली, हत्यारं माळ्यावर गेली. त्या दिवशी माझ्यापाशी काय होतं?"

आज एवढी वर्षं झाली. नोकरी झाली, रिटायर झालो, माझ्या हाताखाली शेकडो फॉर्म गेले. अजूनही कोणत्याही कागदावर धंद्याचा रकाना आला की माझा हात थांबतो. शिकलेल्या माणसाच्या हातात पेन असतं आणि दुसऱ्याचं आयुष्य त्या पेनात असतं, हे मला कोणत्याही वर्गात कोणी सांगितलं नाही.

त्या दिवशी निघताना साहेब म्हणाले, रविवारी इन्स्टिट्यूटात डान्स आहे, दोघंही या. आम्हाला वाटलं हे डोकं फिरल्याचं लक्षण आहे. इकडे घर बुडतंय आणि साहेबांना डान्स. पण बाबा म्हणाले, "शिकवलं आहे तर ऐकायला पाहिजे."

काळोख पाळायचा म्हणून त्या वर्षी तो डान्स दुपारी दोन वाजता ठेवला होता. असलं दृश्य मी पुन्हा बघितलं नाही. बाहेर भर उन्हात काशी डोलून राहिली आहे, आणि आत खिडक्यांचे कागद तसेच, दिवे लावलेले, पंखे गरगरत आहेत, रेल्वेतली आणि फॅक्टरीतली साहेब माणसं घामानं निथळत बायकांचे हात धरून नाचत आहेत. आम्ही बाजूच्या व्हरांड्यात दारापाशी उभे राहिलो. बाबांनी धुतलेली काळी टोपी घातली होती आणि चपला हातात घेतल्या होत्या. मी म्हटलं, "बाबा, चपला घाला ना." ते म्हणाले, "फरशी किती साफ आहे बघ."

साहेब उभे राहिले. आधी काही तरी उड्या मारणारं वाजवलं, मग सगळे बाजेवाले हळू झाले आणि त्यांनी तो एक सूर धरला. मी त्यांच्या गालांकडे बघत होतो. फुगले. सूर चालू. नाक हललं. सूर चालू. मधाच्या धारेसारखा तो खाली पडत होता आणि धार तुटत नव्हती. नाचणारे एकेक करून थांबले. एका बाईनं नवऱ्याचा हात सोडून तोंडावर हात ठेवला. दारावरचा हवाई हल्ल्याच्या पहाऱ्याचा माणूस लोखंडी टोपी सावरत धावत आत आला. एवढा लांब, एकसारखा आवाज म्हणजे धोका टळल्याचा भोंगाच, अशी त्याची खात्री झाली होती. "किसने बजाया? ऑर्डर किसकी है?" मग तोही तोंड उघडं टाकून तिथेच उभा राहिला.

माझ्या अंगावर काटा आला, कारण तो श्वास मी ओळखत होतो. लहानपणी अभ्यास करताना मागे जो फूऽऽ असा आवाज चालू असायचा, तो हाच. तोच श्वास आता पितळेच्या दुसऱ्या नळीतून बाहेर येत होता, आणि आगगाड्या चालवणारी, तोफा बनवणारी माणसं नाच विसरून तो ऐकत होती.

सूर संपला आणि टाळ्यांचा गडगडाट झाला. साहेब घाम पुसत खाली उतरले. पुढच्या रांगेत शॉपचे मोठे साहेब बसले होते, त्यांनी हात पुढे केला, पण पीटर साहेब त्यांना ओलांडून सरळ आमच्या दाराशी आले.

"कैसा?"

बाबांनी विचार केला. मग म्हणाले, "अच्छा था। दो बार टूटा।"

मला वाटलं जमीन फाटावी. एवढ्या लोकांत! एवढ्या टाळ्यांनंतर!

पीटर साहेबांचा चेहरा आधी पडला. मग ते मान मागे टाकून हसायला लागले. "सही बोलता है। दो बार। एक बार शुरू में, एक बार जब नीचे आया। मैन, मैंने छुपा लिया था!"

मोठे साहेब उठून आले होते. "मैंने तो कोई टूट नहीं सुनी। ये कौन है?"

"आपके शॉप का मजूर है, सर," पीटर साहेब म्हणाले. "मेरा उस्ताद है। झाल का कारीगर है, और परीक्षा में बैठने नहीं मिल रहा।"

मोठे साहेब बाबांकडे बघत राहिले. टोपी, हातातल्या चपला. "काहे का कारीगर? पहले क्या करते थे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, नेहमी इंग्रजी बोलणाऱ्या साहेबांशी मीच बोलायचो म्हणून बघितलं. पण ते बघणं मला आजही सहन होत नाही. मी पुढे झालो. म्हणालो, "सुनार हैं, सर. फ़ॉर्म मैंने ग़लत भरा था. इनकी ग़लती नहीं है."

"तो सही भरो," ते म्हणाले. "कल सुबह मेरी मेज़ पर। और सुनो, इम्तिहान एक ही बार होगा। फ़ेल हुआ तो दोबारा मत आना।"

त्या अर्जाइतकं कठीण मी बी.ए.ला काही लिहिलं नाही. चार ओळींचा होता. तीनदा फाडला. अक्षर नेहमीसारखं गोल येईना. शेवटी तसाच दिला.

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेज बुडवलं आणि फॅक्टरीच्या गेटसमोर सायकल लावून उभा राहिलो. आत मला कोण जाऊ देणार? दुपारचा भोंगा झाला, माणसांचा लोंढा बाहेर पडला, सायकलींच्या घंट्या, धूळ, टिफिनांचा खडखडाट. बाबा नाहीत. लोंढा विरळ झाला. बाबा नाहीत. मी मनात पेट्या उचलायला सुरुवातही केली होती.

ते सगळ्यांच्या शेवटी आले. ओठ सुजले होते, गाल लाल.

"काय झालं?"

"पाणी आहे काय?"

मी नळावरून ओंजळीनं पाणी आणलं. ते प्यायले, तोंड पुसलं, मग सांगितलं. तीन तुकडे दिले होते. गॅसची बत्ती दिली, तिची हवा यंत्रातून येते. त्यांना तिची सवय नव्हती. पहिला तुकडा जळाला. परीक्षा घेणारे हसले. दुसऱ्याचाही सांधा कच्चा राहिला. मग बाबा म्हणाले, साहब, गॅस असू द्या, फक्त हवेची नळी काढून द्या. हवा मी देतो. परीक्षक म्हणाले, हे काय सोनाराचं दुकान आहे? पीटर साहेबांनी नियमांचा कागद पुढे केला. सांधा पक्का पाहिजे, एवढंच त्यात लिहिलं होतं. हवा कोणाची, ते लिहिलंच नव्हतं. बाबांनी नळी तोंडात धरली.

"मग?"

"मग काय. सांधा पाण्यात टाकून आतून हवेचा दाब दिला त्यांनी. वाट बघत होते बुडबुड्याची."

"आला?"

"काहून येईल?" बाबा एवढं रागावून बोलले की मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

कायदा पुढे सैल झाला, ओमतीला पुन्हा बैठका लागल्या, पण बाबा परत गेले नाहीत. पीटर साहेब काही वर्षांनी मुलाकडे गेले. जाईपर्यंत दर नाताळाला केक घेऊन यायचे आणि बाबा त्यांना एकच विचारायचे, "टूटता है क्या अभी?"

त्या सप्टेंबरच्या शेवटी बाबा झाळकामाचे कारागीर झाले आणि रिटायर होईपर्यंत त्याच कामावर राहिले. माझं कॉलेज सुटलं नाही. तीन वर्षांनी मी बी.ए. झालो, दुसऱ्या वर्गात, आमच्या घराण्यातला पहिला.